दात साफ करून घेतल्याने दात सैल होतात का?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. दात घासताना हिरड्यांतून अधूनमधून रक्त येते म्हणून दंतवैद्यांना दाखवले असता त्यांनी स्केलिंग करून घेण्यास सांगितले. मात्र यंत्राने दात साफ केले की ते हलू लागतात आणि त्यांच्यात फटी पडतात, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी ठामपणे सांगतात. तेथे नेमके काय करतात आणि ते कितपत दुखते?

उत्तर : वडीलधाऱ्यांनी जे पाहिले ते खोटे नाही, त्याचे कारण मात्र त्यांनी चुकीच्या ठिकाणी शोधले आहे. दातांवर रोज बसणारा जिवाणूंचा मऊ थर वेळीच निघाला नाही, तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात साठून तो कडक होतो. यालाच आपण कीटण म्हणतो, आणि एकदा दगडासारखे झालेले कीटण ब्रशने कितीही घासले तरी निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूवरून जीभ फिरवून पाहा. लाळग्रंथींची तोंडे तेथे जवळ असल्याने बहुतेकांना पहिला खरखरीतपणा तेथेच लागतो.

हे कीटण दोन दातांमधील जागा भरून टाकते आणि त्याच्या आधाराने तेथील हिरडी सुजून खाली सरकत राहते. पुढे आतले हाड झिजू लागले, तर मोकळे झालेले दात एकमेकांना बांधून धरण्याचे कामही, विचित्र वाटले तरी, हेच कीटण करते. ते काढले आणि हिरडीची सूज ओसरली, की आधीपासून असलेली फट दिसू लागते आणि आधीपासून सैल असलेला दात सैल असल्याचे जाणवते. दुखणे जुनेच असते, त्याचा पत्ता मात्र त्या दिवशी लागतो. उलट, सूज उतरल्यावर थोडासा हलणारा दात काही आठवड्यांत पुन्हा घट्ट झाल्याचेही पुष्कळदा आढळते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात तपासणीने होते. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधील खाचेत हलकेच घालून तिची खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर खोली साधारणपणे निरोगी मानली जाते. त्यानंतर जे यंत्र वापरतात त्याचे टोक सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा थरथरते आणि त्या कंपनांनी कीटणाचे कवच सुटून येते. टोक तापू नये म्हणून सतत पाण्याचा फवारा चालू असतो आणि तोंडात साचलेले पाणी नळीने ओढून घेतात. यंत्राचा आवाज भेडसावणारा असला तरी त्याचे टोक दात कोरत नाही, आणि वरचे दंतवल्क हा तर शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. उरलेले बारीकसारीक कण हातातील अवजारांनी काढून शेवटी रबरी कपाने आणि पेस्टने दात गुळगुळीत करतात. एवढ्याला साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो.

वेदनेपेक्षा दात शिवशिवण्याचा त्रास अधिक होतो, विशेषतः जेथे हिरडी मागे सरून मूळ उघडे पडले आहे तेथे. सुजलेल्या हिरड्यांतून थोडे रक्त येणे अपेक्षितच आहे. थंड पाण्याने दात शिवशिवणे काही दिवसांत कमी होते, तोवर नरम ब्रश वापरावा. मात्र दुखते म्हणून घासणे थांबवू नये. खाचा खोल निघाल्या, तर हिरडीखालील मुळांची सफाई करावी लागते. ती जागा बधिर करून करतात आणि बहुधा दोन किंवा अधिक बैठकांत पूर्ण होते.

स्केलिंगने दात पांढरेशुभ्र होतील अशी अपेक्षा ठेवू नका. चहा-तंबाखूचे वरवरचे डाग निघतात, दातांचा मूळ रंग तोच राहतो. पुन्हा कधी यायचे हेही प्रत्येकाच्या हिरड्यांवर ठरते : अनेकांना सहा महिने सांगतात, हिरड्यांचा विकार असणाऱ्यांना तीन-चार महिने, तर काहींना वर्षभराने आले तरी चालते.

आपल्याला मधुमेह आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हृदयात कृत्रिम झडप किंवा पेसमेकर बसवला आहे का, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. यांपैकी काहीही असल्यास खुर्चीत बसण्यापूर्वीच दंतवैद्यांना सांगावे. कृत्रिम झडप असल्यास आधी प्रतिजैविक घ्यावे लागते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.