नेब्युलायझरचा कप व्हिनेगर, डेटॉल, स्पिरिट असल्या घरगुती वस्तूंनी साफ केला तर चालतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईच्या नेब्युलायझरच्या कपात पांढरा थर बसलाय, वाफ कमी येते, पुण्याच्या वाघोलीत सोसायटीला टँकरचं पाणी आहे. ई-सिगारेटचा ॲटमायझर व्होडका, व्हिनेगर आणि बेकिंग सोड्याने साफ करण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. तेच इथे करावं का?

त्यातलं व्हिनेगर घ्या, बाकीचं सोडून द्या. नाव आणि काम सारखं वाटलं तरी दोन्ही यंत्रांतली घाण वेगळी असते. ई-सिगारेटमध्ये तापलेली तार असते आणि तिच्यावर गोडसर द्रव जळून काळा, चिकट थर बसतो. तो सुटायला अल्कोहोल लागतं. (आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवणूक सगळंच बंद आहे, त्यामुळे तो विषय इथेच सोडू.) तुमच्या यंत्रात काही तापतच नाही. कॉम्प्रेसरची हवा एका बारीक भोकातून जोरात येते, औषध वर ओढून घेते आणि समोरच्या टोपीवर आपटून त्याचा तुषार करते. म्हणजे कपात उरतं ते सुकलेलं मीठ, औषधाचा साका आणि धुतलेल्या पाण्यातले क्षार. या तिन्हींना जळकं म्हणून घासायला गेलात तर भोक खराब होईल.

आधी थर कसला आहे ते ओळखा. कप सुका असताना ट्यूबलाइटसमोर धरा. खडबडीत, नखाला लागणारा, पाण्याच्या रेषेपाशी जाड असा थर असेल तर तो टँकरच्या पाण्याचा क्षार. दुधट, मऊ, बोटाने पुसला जाणारा असेल तर ते बहुधा ब्युडेसोनाइड, म्हणजे श्वासनळीची सूज कमी करणारं स्टिरॉइड. हे औषध पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगत असतं. म्हणून तर फोडण्याआधी रेस्प्यूल (औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी) हलवायला सांगतात. पहिल्याला आम्ल लागतं, दुसऱ्याला साबण पुरतो. साल्ब्युटामॉल (श्वासनळी मोकळी करणारं औषध) आणि सलाइन साध्या पाण्यानेच निघून जातात, फक्त लगेच धुवायला हवं.

रोजचं काम साधं आहे. वाफ झाली की उरलेलं मिलिलिटरभर औषध फेकून द्या, पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. कप, आतली छोटी टोपी, माउथपीस आणि मास्क सुटे करा. सिंकच्या जाळीवर आधी चहाची गाळणी ठेवा, कारण ती टोपी बोटाच्या पेरापेक्षा लहान असते आणि गेली तर परत मिळत नाही. टोपी नसेल तर कपात नुसते बुडबुडे येतात, वाफ येतच नाही. "मशीन बिघडलं" म्हणून दुकानात आणलेल्या कित्येक यंत्रांत टोपीच हरवलेली असते. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून सगळे भाग हलवून धुवा. हिरवी घासणी, तार, बार साबण नको. प्लास्टिकला चरे पडले की त्यांतच जंतू घर करतात. कॉम्प्रेसरकडची नळी धुवायची नसते. तिच्यात पाण्याचे थेंब दिसले तर कप काढून नुसती नळी जोडा आणि मशीन एक-दोन मिनिटं चालू ठेवा.

आता क्षार. किराणा दुकानात मिळणारं चायनीजसाठीचं पांढरं व्हिनेगर पुरे. ५० मिली व्हिनेगर आणि १५० मिली पाणी, म्हणजे एकास तीन, स्टीलच्या वाडग्यात घ्या. भाग पूर्ण बुडवून अर्धा तास ठेवा. भोकात हवेचा बुडबुडा अडकला तर तिथे व्हिनेगर पोचतच नाही, म्हणून कप त्या मिश्रणातच एकदा उलटासुलटा करा. थर जुना असेल तर पुन्हा नव्या मिश्रणात अर्धा तास ठेवा, व्हिनेगरचं प्रमाण वाढवू नका. एकदा वापरलेलं मिश्रण ओतून द्या. नंतर वास जाईपर्यंत धुवा, कारण व्हिनेगरचा वास दम्याच्या माणसाला खोकला लावतो. बेकिंग सोडा क्षाराला काहीच करत नाही, उलट व्हिनेगरात टाकलात तर दोघंही वाया जातात. आणि भोकात सुई, टाचणी, दातकोरणं घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी थेंब मोठे होतात आणि औषध फुप्फुसात जायच्या ऐवजी घशातच बसतं. हे बाहेरून दिसतही नाही. वाफ छान येते, फक्त आराम पडत नाही.

व्हिनेगर क्षार काढतं, पण जंतू मारण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. ते काम उष्णतेचं. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि कुणी आजारी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर रोज, कप, टोपी आणि माउथपीस उकळा. खळखळ उकळी फुटल्यापासून ५ मिनिटं मोजा. त्याआधी यंत्राच्या माहितीपत्रकात हे भाग उकळायला परवानगी आहे का ते बघा, काही कंपन्या नाही म्हणतात. पातेल्यात तळाशी सुती फडकं घाला, नाहीतर तळाला टेकलेला भाग वाकतो. मऊ प्लास्टिकचा मास्क मात्र उकळू नका, तो वेडावाकडा होतो आणि तोंडावर नीट बसत नाही. त्याला साबण आणि पाणी बास. टँकरचं पाणी उकळलंत तर त्यातला चुना खाली बसून भागांवर पुन्हा पांढरी पूड येईल. म्हणून घरात आरओ असेल तर तेच पाणी उकळायला घ्या. आरओच्या पाण्यात क्षार बरेच कमी असतात, पण ते जंतुमुक्त असेलच असं नाही, त्यामुळे उकळणं काही टळत नाही. शेवटी धुवायचं झालं तर उकळून गार केलेल्या पाण्यानेच. उकळलेला कप नळाखाली धरला तर केलेलं काम गेलं. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर कपात औषध पातळ करायला घालायचा विचारही करू नका, त्यासाठी औषधाच्या दुकानातलं नॉर्मल सलाइन आहे.

उकळायची सोय नसेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं बुडवून, उकळून गार केलेल्या पाण्याने धुता येतं. पण काही कपांच्या कडक प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात, आणि गॅसच्या शेगडीजवळ ते उघडून ठेवणं धोक्याचं. हँड सॅनिटायझर हा त्याचा पर्याय नाही, त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतो. डेटॉल-सॅव्हलॉनचा अंश प्लास्टिकवर राहिला तर तो पुढच्या वाफेबरोबर थेट फुप्फुसात जातो, दमा असलेल्याला तेवढ्याने धाप लागू शकते. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, तेव्हा बाथरूमच्या कपाटातली बाटली इथे आणूच नका. निलगिरी, विक्स, ओवा हे वाफाऱ्याच्या भांड्यासाठी. नेब्युलायझरमधून तेल आत गेलं तर फुप्फुसाला सूज येऊ शकते, आणि कपावर बसलेला तेलाचा थर धुवून पूर्ण निघत नाही.

माझ्या मते धुण्यापेक्षा सुकवण्यात जास्त चुका होतात. फडक्याने पुसलं की धागे भोकात जातात. नुसतं झटकून स्वच्छ सुती कापडावर पंख्याखाली ठेवा, ओट्यावर नको, तिथे फोडणीचं तेल उडतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर ठेवूनही आत ओल राहते. तेव्हा कप जोडा, आत काही न घालता मशीन मिनिटभर चालवा, भोक आणि टोपी हवेनेच कोरडी होतात. पूर्ण सुकल्याशिवाय झाकणाच्या डब्यात भरू नका.

साफ झालं का ते पाहायला ३ मिली सलाइन घालून घड्याळ लावा. ५ ते १० मिनिटांत वाफ संपून फुरफुर आवाज यायला हवा. १५ मिनिटं लागत असतील तर आधी कॉम्प्रेसरचा फिल्टर काढून बघा. तो राखाडी झाला असेल तर बदला, धुतलेला फिल्टर ओला राहून हवा अडवतो. मग नळीची दोन्ही टोकं घट्ट आहेत ना बघा, मग टोपी. हे सगळं ठीक असून वेळ कमी होत नसेल तर कप बदला. सर्जिकलच्या दुकानातून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्या. बरेच कप दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्रेसरलाही बसतात, पण थेंबांचा आकार जुळेलच असं नाही.

एक तपासून घ्या: आईंचं यंत्र हातात मावणारं, आवाज न करणारं असेल तर ते मेशवालं. त्याच्या जाळीची छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी लहान असतात. तिला कापूस, ब्रश, बोट काहीही लावू नका. व्हिनेगर आणि उकळणं माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच करा, आणि टँकरच्या पाण्यापासून ती जाळी लांबच ठेवा.

ब्युडेसोनाइडची वाफ घेतल्यावर आईंना मास्कखालचा चेहरा पुसायला सांगा आणि चूळ भरायलाही, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते.