अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या फायनलचं एवढं काय, आणि पहिल्यांदा कुठली मॅच बघावी?

तुमचा मुलगा शिकायला अमेरिकेला निघालाय. विद्यापीठाच्या पोरांच्या एका मॅचसाठी तिकडे एवढा जीव का टाकतात, आणि एकच मॅच बघायची तर कुठली, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : ८ जानेवारी २०१८, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया, अटलांटा. पहिल्याचं उत्तरही बरंचसं तिथेच सापडेल.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले, म्हणजे घरात क्रिकेट. पुतण्या ओहायो स्टेटला शिकायला गेला आणि हा खेळ आमच्याकडे आला. पायाने कमी, हातानेच जास्त खेळायचा, अंडाकृती चेंडूचा. पुतण्याने पहिला फोटो पाठवला तो त्यांच्या विद्यापीठाच्या स्टेडियमचा. एक लाखावर माणसं बसतात! अहमदाबादचं मोदी स्टेडियम याहून मोठं आहे, पण ते काही कॉलेजचं नाही. तिकडे लाखाच्या वरची अशी सात-आठ स्टेडियम आहेत आणि सगळी कॉलेजांची. व्यावसायिक लीगच्या एकाही संघाचं मैदान एवढं मोठं नाही. कारण साधं आहे. अलाबामासारख्या आख्ख्या राज्यात या मुख्य व्यावसायिक लीगचा संघच नाही. तिथल्या माणसाचा संघ म्हणजे विद्यापीठ, मग तो तिथे शिकला असो वा नसो.

पण गर्दीपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. या खेळात शंभरहून जास्त वर्षं फायनलच नव्हती. पहिला सामना १८६९ चा, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातला. त्यानंतर खेळ वाढत गेला, पण देशातला पहिला नंबर कोण हे मैदानावर ठरत नव्हतं, मतदानाने ठरत होतं. १९३६ पासून पत्रकारांची मतं नियमित घेतली जात, पुढे प्रशिक्षकांचीही. कल्पना करा, २०००-०१ साली आपल्या बडोद्याने रेल्वेला हरवून रणजी करंडक जिंकला, त्याऐवजी हंगाम संपल्यावर वार्ताहरांनी चिठ्ठ्या टाकून विजेता जाहीर केला असता तर! तिकडे तेच चालायचं. १९९७ च्या हंगामात पत्रकारांनी मिशिगनला विजेता ठरवलं आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोघेही अपराजित, आणि समोरासमोर आलेच नाहीत. त्या पिढीची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

१९९८ पासून मतं आणि संगणकाची गणितं एकत्र करून पहिल्या दोन संघांना भिडवायला लागले. तरी २००३ च्या हंगामाला दोन विजेते निघालेच, एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) ही विद्यापीठं. शेवटी २०१४ च्या हंगामापासून चार संघांचं प्लेऑफ आलं. ते चार एक समिती निवडायची. त्याची पहिली फायनल आपल्याकडे १३ जानेवारी २०१५ च्या सकाळी झाली, उत्तरायणाच्या आदल्या दिवशी. ओहायो स्टेटने ओरेगनला ४२-२० हरवलं. गच्चीवर पतंगांना कण्या बांधायच्या सोडून घरातली पोरं पुतण्याच्या कॉलेजसाठी ओरडत होती.

आता २०१८. त्याआधी नियम एवढाच लक्षात ठेवा : चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. टीव्हीवर एक पिवळी रेघ दिसते, ती मैदानावर नसते, ती गाठायची असते. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. लांबून लाथ मारून खांबांमधून काढला तर तीन. बाकीचं बघता बघता कळतं.

अलाबामाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन प्रत्येक चाल चालवणारा, होता जेलन हर्ट्स. सलग दोन हंगाम संघाला फायनलपर्यंत आणणारा. मध्यंतराला अलाबामा ०-१३ मागे. प्रशिक्षक निक सेबन यांनी हर्ट्सला बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या टुआ टॅगोवैलोआला उतरवलं. दोघांचंही वय एकोणीस. फायनलच्या मध्यंतराला हा निर्णय घ्यायला काय छाती लागत असेल!

टुआने २०-२० बरोबरी करून दिली. शेवटच्या क्षणी अलाबामाच्या किकरने ३६ यार्डांवरून मारलेली किक हुकली. जादा वेळेत प्रत्येक संघाला २५ यार्डांवरून संधी मिळते. जॉर्जियाला टचडाउन जमला नाही, पण ५१ यार्डांवरून किक घालून त्यांनी २३-२० केलं. मग अलाबामाची पाळी, आणि पहिल्याच प्रयत्नात टुआ मागे मागे धावत सोळा यार्ड गमावून पडला. आता रेघ २६ यार्ड लांब. आमच्याकडे वहिनी मटार सोलत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. पुढच्याच चेंडूला टुआने आधी उजवीकडे पाहून बचाव करणाऱ्याला तिकडे ओढलं, मग डावीकडे ४१ यार्ड लांब फेकला, आणि डेव्हॉन्टा स्मिथने तो धावता धावता झेलला. तोही पहिल्या वर्षाचाच. २६-२३, खलास.

मला मात्र त्या रात्रीचा हर्ट्स जास्त आवडतो. बाकावरून तो टुआला शाबासकी देत होता, आणि रुसून कॉलेजही सोडलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला तेव्हा हर्ट्सने उतरून पिछाडीवरून मॅच काढली. पुढे फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाकडून त्याने २०२५ ची सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगची फायनल, जिंकली, आणि त्या मॅचमध्ये त्याचा एक लांब पास टचडाउनसाठी झेलला तो याच डेव्हॉन्टा स्मिथने. या पोरांना तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या नावावर एक डॉलर कमवायची परवानगी नव्हती. प्रशिक्षकाला मात्र कोट्यवधी. २०२१ मध्ये ती बंदी उठली ते फार बरं झालं.

पहिला नंबर कोण हा वाद तरी संपला का? नाही. अलाबामा-जॉर्जिया फायनलच्याच, म्हणजे २०१७ च्या हंगामात यूसीएफ नावाचं विद्यापीठ तेराच्या तेरा सामने जिंकलं. अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही ज्या ऑबर्नने हरवलं होतं, त्या ऑबर्नलाही यूसीएफने हरवलं. पण निवड समितीच्या चारांत त्यांना जागाच नव्हती. त्यांनी स्वतःला विजेते घोषित करून मिरवणूक काढली, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. २०२४ च्या हंगामापासून बारा संघ घेतात. त्या वर्षी ओहायो स्टेट दोन सामने हरूनही आत आलं आणि फायनलला नोटर डेमला ३४-२३ हरवून जिंकलं. चारांचीच पद्धत असती तर सहाव्या क्रमांकावरचा हा संघ बाहेर बसला असता. बारा केले हे योग्यच केलं असं माझं मत आहे, जुने चाहते काहीही म्हणोत.

ही फायनल जानेवारीत सोमवारी रात्री असते, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी साधारण सहा ते सात वाजता सुरू होते आणि साडेतीन-चार तास चालते. त्याआधी यूट्यूबवर २०१८ च्या हायलाइट्स बघून ठेवा, मध्यंतरानंतरच्याच बघितल्या तरी चालतील. मुलगा कुठल्या विद्यापीठात चाललाय ते कळवा, त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी कोण ते मी सांगतो. तिकडे वसतिगृहात पहिल्याच दिवशी ते माहीत असलेलं बरं.