कांदा आधी, व्हिनेगर मागाहून
वाचकांचे प्रश्न, बोटीवरून निवृत्त झालेल्या आचाऱ्याची उत्तरे

प्रश्न : काका, लेकाच्या वाढदिवसाला किनाऱ्यावरच्या एका इटालियन हॉटेलात जेवलो. तळलेल्या माशावर चकचकीत, तपकिरी, आंबट-गोड कांदा घातला होता. घरी आल्यावर मोबाइलवर कृती शोधली आणि कांदा, साखर, व्हिनेगर सगळे एकत्र घालून उकळायला ठेवले. पाऊण तास झाला तरी कांदा कचकचीतच. वर रस थंड झाल्यावर चमच्याला चिकटून बसला. नेमके काय बिघडले?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, ‘सगळे एकत्र घालून’ हे तीन शब्द तुम्हीच लिहिलेत, तिथेच सगळे आले. डाळ शिजायच्या आधी आमटीत आमसूल टाकले तर काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. डाळ हटून बसते. कांद्याचेही तेच. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन आंबटात सहजासहजी विरघळत नाही. त्यामुळे व्हिनेगर आधी पडला की कांदा शिजतो, रंग बदलतो, पण मऊ म्हणून होत नाही. मग आणखी तासभर उकळा, गॅस तेवढा जळेल.

तुम्ही खाल्लात त्याला तिकडे ‘आग्रोदोल्चे’, म्हणजे आंबट-गोड, म्हणतात. माझ्या गॅलीतला, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरातला, मुख्य आचारी सिसिलीचा होता आणि कांद्याच्या बाबतीत त्याच्याइतका चेंगट माणूस मी पाहिला नाही. पण त्याचे खरे होते. ह्या पदार्थात वेळ जातो तो कांद्यावर, बाकीचे दहा मिनिटांचे काम.

अर्धा किलो कांदा घ्या. रसासारखा हवा असेल तर उभा, मध्यम जाड चिरा. आडवा चिरलेला लवकर विरघळतो, त्याचा लगदा होतो. जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्या. ॲल्युमिनियमचे टोप आणि लोखंडी कढई ह्या कामाला नको, व्हिनेगरने धातूची चव उतरते आणि रंग काळवंडतो. तीन मोठे चमचे तेल, ऑलिव्हचे असेल तर उत्तम, नाहीतर सूर्यफुलाचे. खोबरेल तेल इथे नको, सगळ्याला त्याचाच वास येईल. कांदा, अर्धा छोटा चमचा मीठ आणि एक तमालपत्र घालून झाकण ठेवा आणि आच अगदी बारीक करा. मिठाने कांद्याला पाणी सुटते आणि त्या पाण्यातच तो शिजतो. वीसेक मिनिटांनी झाकण काढा. आता कांदा पारदर्शक, मलूल दिसेल. बोटांत धरून चिमटा, सहज तुटला पाहिजे. ही परीक्षा झाल्याशिवाय पुढे जायचे नाही.

मग उघड्यावर आणखी पंधरा मिनिटे, अधूनमधून ढवळत, पाणी आटून फिका सोनेरी रंग येईपर्यंत. बुडाला लागतेसे वाटले तर चमचाभर पाणी शिंपडा आणि खरवडून घ्या. ती खरवड टाकू नका, रसाला रंग तिचाच. बिर्याणीवरच्या कांद्याइतका तपकिरी मात्र करू नका, कडवटपणा येतो आणि पुढे साखर पडल्यावर तो दुप्पट जाणवतो.

आता दोन मोठे चमचे साखर. ती विरघळून कांद्याला चकाकी आली आणि बारीक बुडबुडे दिसू लागले की व्हिनेगर. ओतताना तोंड बाजूला ठेवा, पहिली वाफ डोळ्यांत जाते. खिडकी उघडी असू दे. बाटलीतला द्राक्षाचा व्हिनेगर असेल तर चार मोठे चमचे, आपला माडाचा असेल तर पाच-सहा. सोबत भिजवलेले बेदाणे दोन चमचे. तिकडे पाइनच्या बिया घालतात. आपण गोंयकारांनी त्या कशाला शोधायच्या? काजूचे तुकडे भाजून शेवटी घाला.

आठ-दहा मिनिटे मंद उकळी. पातेल्याच्या बुडावरून डाव ओढा. मागे पडलेली वाट सावकाश मिटली की गॅस बंद. इथे तुमच्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर आहे : गरम असताना तुम्हाला हवा तेवढा दाट झाला, म्हणजे थंड झाल्यावर जास्तच दाट होणार. थोडा पातळ वाटतो तेव्हाच उतरवा. चिकटून बसलेला टाकून देऊ नका, दोन चमचे गरम पाणी घालून पुन्हा हलकेच गरम केला की सुटतो.

चव गरम असताना ठरवू नका. गरमागरम रसात आंबट पुढे येते, आणि माणूस घाबरून साखर वाढवतो. कोमट होऊ द्या, मग चाखा. आधी गोड लागले पाहिजे आणि घास गिळताना आंबट. दोन्ही मिसळून एकच गुळमट चव लागली तर साखर जास्त झाली, अर्धा चमचा व्हिनेगर घालून एक उकळी द्या. आंबाड्याचे सासव ज्यांनी लहानपणापासून खाल्ले त्यांच्या जिभेला हे शिकवावे लागत नाही.

प्रश्न : दुकानात पांढरा व्हिनेगर, सफरचंदाचा, बाल्समिक अशा बाटल्या असतात. घरी रेंदेराकडून, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याकडून, आणलेला माडाचा आहे. इटालियन पदार्थाला तो चालेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : चालेल काय, मी तोच वापरतो. इटलीतला द्राक्षाचा व्हिनेगर कडक असतो, त्यात आम्लाचे प्रमाण किमान ६ टक्के असावेच लागते. सुरेचा त्यापेक्षा सौम्य, शिवाय घरागणिक वेगळा. म्हणून मोजमापावर जाऊ नका, चमचाभर पाण्यात थोडा मिसळून आधी चाखा. तळाशी गाळ बसलेला असतो, बाटली न हलवता वरचा तेवढा घ्या.

लेबलवर ‘सिंथेटिक’ लिहिलेला स्वस्त पांढरा व्हिनेगर मात्र इथे नको. तो पाण्यात मिसळलेले ॲसिटिक आम्ल असतो. तिखटजाळ मसाल्यात ते खपून जाते, ह्यात नागडे उघडे पडते. सफरचंदाचा चालतो.

बाल्समिकचे दोन प्रकार. मोदेना आणि रेज्जो एमिलिया इथला पारंपरिक, किमान १२ वर्षे लाकडी पिंपांत मुरवलेला, चिमुकल्या बाटलीत येतो. तो उकळणे म्हणजे पैसे उकळणे, स्वतःचेच. आपल्या दुकानांत दिसतो तो दुसरा, साधा. तो कांद्यात छान लागतो, पण मुळात गोड असतो, तेव्हा साखर निम्मी करा.

गुळाबद्दल तुम्ही विचारले नाही तरी सांगतो, कारण कोणीतरी विचारणारच. माडाच्या गुळाने कांदा सुरेख लागतो, पण मग तो इटलीहून निघून सरळ आपल्या स्वयंपाकघरात येतो. मला आवडतो. पाहुण्यांना इटालियन म्हणून वाढायचा असेल तर साखरच घ्या.

प्रश्न : आमच्याकडे व्हिनेगर घरात आणत नाहीत, सासूबाईंना वास सोसत नाही. मासेही नाहीत. आमसूल घालून करता येईल का, आणि खायचा कशाबरोबर?
— एक वाचक, साखळी

उत्तर : व्हिनेगरचा नाकात जाणारा वास उकळताना बराचसा उडून जातो, हे एकदा सासूबाईंना सांगून पाहा. नाही पटले तर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरा, पण आगळात मीठ असते, म्हणून कांद्यात मीठ घालू नका. रंग जांभळट येईल. लिंबूही चालते. फक्त ते गॅस बंद केल्यावर पिळायचे. चिंच नको, रस गढूळ होतो.

कशाबरोबर, ह्याचे उत्तर पालेर्मोच्या गरिबांनी देऊन ठेवले आहे. श्रीमंतांच्या घरी आंबट-गोड रसातली कलेजी शिजायची. ज्यांना ती परवडत नव्हती त्यांनी लाल भोपळ्याच्या बोटभर जाड चकत्या तेलात तळल्या, लसूण घातली, वरून साखर-व्हिनेगर आणि पुदिना, आणि गार करून खाल्ल्या. नाव काय दिले, तर ‘सात तोट्यांची कलेजी’! तिथल्या एका कारंज्यावरून. कलेजी नावापुरतीसुद्धा नाही आत. भोपळा आपल्याकडे घरोघरी असतो, तळा आणि वर हा कांदा पसरा. त्याहून चांगले माझ्या मते नीरफणसाच्या फोडी. रवा लावून कुरकुरीत तळायच्या, ताटात वाढायच्या आणि कांदा बाजूला, वर नाही. वर घातला की कुरकुरीतपणा गेला.

आणि श्रावण लागायच्या आत करा. कांदाच बंद झाल्यावर माझ्यावर रागावू नका.

प्रश्न : आदल्या दिवशीचे तळलेले तारले उरतात. त्यावर हा कांदा घातला तर?
— एक वाचक, वास्को

उत्तर : वा! तुम्ही न विचारता व्हेनिसला पोचलात. ‘सार्दे इन साओर’ म्हणून तिथला पदार्थ आहे. तारल्यांच्याच जातकुळीतला मासा, तळलेला, त्यावर तेलात सावकाश शिजवून व्हिनेगर घातलेला कांदा, बेदाणे आणि पाइनच्या बिया. खलाश्यांना मासा टिकवायचा होता, तिथून हे आले. बर्फ नव्हता तेव्हा व्हिनेगर आणि कांदा हेच शीतकपाट. पुढे तो सणाचा पदार्थ झाला. १५७५ ते १५७७ च्या प्लेगमधून शहर सुटले म्हणून व्हेनिसमध्ये जुलैच्या तिसऱ्या रविवारी रेदेन्तोरेचा उत्सव असतो, त्याच्या आदल्या रात्री होड्यांमध्ये बसून लोक हे खातात. आपल्याकडे नेमकी तेव्हा, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. तेव्हा ऑगस्टनंतर, तारले स्वस्त आणि चरबीदार झाल्यावर हात घाला.

उरलेले चालतील का? लाल मसाला आणि रवा लावलेले असतील तर नाही. रवा भिजून गिळगिळीत होतो आणि मिरची कांद्याला खाऊन टाकते. ह्यासाठी वेगळे तळा. डोके आणि आतडी काढून, खवले घासून, नीट पुसून घ्या. मासा ओला राहिला की पीठ गोळा होते. फक्त मीठ आणि मैद्याचा हलका हात, मध्यम आचेवर तेल. कागदावर निथळू द्या. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात एक थर तारले, एक थर कांदा, पुन्हा तारले, शेवटी कांदा आणि पातेल्यातला सगळा रस. साखर इथे निम्म्याहून कमी घाला, बेदाणे गोडाचे काम करतात. कांदाही सोनेरी नको, पांढुरकाच मऊ ठेवा.

मग झाकून फ्रीजमध्ये, किमान एक दिवस. त्याच संध्याकाळी चाखाल तर मासा एकीकडे, कांदा दुसरीकडे लागेल. दुसऱ्या दिवशी काटे मऊ पडतात, रस आत जातो. खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गरम करू नका. सोबत पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, ताजी पोई. भाताबरोबर नको, भाताला हुमण, म्हणजे माशाची आमटी, लागते.

प्रश्न : पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, कांद्याच्या माळा घेतल्या आहेत. हा कांदा करून बरणीत भरून लोणच्यासारखा वर्षभर ठेवता येईल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. लोणच्याएवढे मीठ ह्यात नाही आणि आंबटही बेताचेच. तेलाखाली हवाबंद राहिलेला शिजवलेला कांदा बाहेर ठेवला तर वास, रंग न बदलताही विषारी होऊ शकतो. फ्रीजमध्ये, कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्याने आठवडाभर. त्याहून जास्त हवा असेल तर लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये.

माळेतले बारके कांदे मात्र चिरू नका, ते ह्या कामाला फार गोड पडतात. इटलीत बोरेत्तो गावचे चपटे, छोटे कांदे अख्खेच आंबट-गोड करतात. तुमचे बारके तसेच वापरा. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून काढले की साल सुटते. मुळाकडचे बूड पूर्ण कापू नका, नाहीतर पाकळ्या सुटतील. एका थरात मावतील एवढेच घ्या, तेल आणि थोडे लोणी, अर्धी वाटी पाणी, झाकण. सुरी आरपार गेली की साखर, मग व्हिनेगर, आणि पातेले हलवत राहा, डाव घालू नका. मोठे कांदे माळेतच राहू द्या, पावसाळाभर हुमणाला लागतील.