कोऱ्या पांढऱ्या भिंतींना तोडफोड न करता उठाव कसा आणावा?

चारही भिंती पांढऱ्या, खोली दवाखान्यासारखी वाटते आणि तोडफोड करायची नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझा हा व्यवसाय नाही. दोन घरांच्या भिंती आधी बिघडवून मग शिकलोय, त्यातलं सांगतो.

काहीही विकत आणण्याआधी संध्याकाळी छताचा दिवा बंद करा आणि एखादा टेबललॅम्प त्या भिंतीजवळ जमिनीवर ठेवून बघा. भिंत मेल्यासारखी दिसते ती बऱ्याचदा पांढरी असल्यामुळे नव्हे, तर वरून सगळीकडे सारखा उजेड पडत असल्यामुळे. सावलीच नाही, मग नजर थांबणार कुठे? २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळसर बल्ब लावून उजेड एका बाजूने सोडला की तीच भिंत वेगळी दिसते. मात्र दिवा भिंतीला अगदी खेटून ठेवला तर उजेड तिला घासत जातो. भिंतीवर चुन्याचा लेप किंवा टेक्श्चर असेल तर हे फार सुंदर दिसतं; रंगाआधी भिंतीला भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, नीट घासलेली नसेल तर रंगाऱ्याची सगळी पापं बाहेर पडतात. अशा वेळी दिवा दोन-तीन फूट मागे घ्या.

हे मला कळलं ते एका भिंतीला गडद निळा, चकचकीत रंग दिल्यावर. दुपारी खिडकीतून तिरकं ऊन आलं आणि भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा मोजता येऊ लागला. चकचकीत रंग उजेड परत फेकतो, म्हणून खोट उघडी पडते. मॅट रंग ती पोटात घेतो. शेवटी पॉलिश पेपरने सगळं घासून पुन्हा मॅट रंग मारला. मॅटवर हाताचे डाग चटकन दिसतात आणि पुसायला गेलं तर तेवढाच भाग चमकतो, हेही ध्यानात ठेवा. लहान मुलं असतील तर खालच्या भागाला धुता येणारा रंग बरा.

आता चित्रं. इथे बहुतेकांची चूक होते ती आकारात. मी मोठ्या सोफ्यावर सहा छोट्या फ्रेमा लांब लांब टांगल्या होत्या, पाकिटावर तिकिटं चिकटवल्यासारख्या. चित्र, किंवा चित्रांचा सगळा समूह, सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन-तृतीयांश असावा. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या आसपास येऊ द्या. सोफ्यावर मात्र पाठीपासून १५–२० सेंटिमीटर वर फ्रेमची खालची कड ठेवा, नाहीतर चित्र तरंगतं. समूहातल्या फ्रेमांमध्ये ५–७ सेंटिमीटर अंतर पुरे. खिळा ठोकण्याआधी वर्तमानपत्राचे फ्रेमच्या मापाचे तुकडे कापून कागदी टेपने भिंतीवर लावा आणि दोन-चार दिवस तसेच राहू द्या. घरचे हसतील, हसू द्या. माझे सहातले दोन तुकडे तिसऱ्याच दिवशी उतरले. ड्रिल करताना स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

चित्रं नकोच असतील तर लाकडी पट्ट्यांच्या चौकटी लावून त्यांनाही भिंतीचाच रंग द्या. रंग एकच असला तरी पट्टीच्या कडेला पडणारी बारीक सावली काम करते. आधी टेपने चौकटी आखा. मापं डोळ्यांनी ठरतात, कागदावर नाही. खोलीत आवाज घुमत असेल तर जाड विणीचं कापड टांगा, घुमणं बऱ्यापैकी कमी होतं. एकाच भिंतीवर गडद वॉलपेपर हा उपाय मला स्वतःला लवकर कंटाळवाणा वाटतो, पण आवड आपापली.

भिंतीला ओल असेल तर यातलं काहीही करू नका. वॉलपेपर सुटतो, फ्रेमच्या मागे बुरशी धरते. आधी पाणी कुठून येतं ते शोधा, भिंत पूर्ण सुकू द्या.

आणि चारही भिंती एकदम हाती घेऊ नका. जिथे तुम्ही सर्वात जास्त वेळ बसता, तिथून समोर दिसणारी एकच निवडा. मी दारासमोरच्या भिंतीवर महिनाभर डोकं घातलं. रोज बघायची भिंत निघाली ती पलंगासमोरची.