हाँगकाँगचे ‘ब्रिटिश नागरिक’?

विचारणा अशी: हाँगकाँगहून ब्रिटनला जाणाऱ्या ‘बीएनओ’ (ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज) पासपोर्टधारकांना एका बातमीत ‘ब्रिटिश नागरिक’ म्हटले होते, ते बरोबर का?

नाही. तिथे ‘राष्ट्रिक’, म्हणजे इंग्रजीतला ‘नॅशनल’, हवे. शब्द कायद्याच्या पुस्तकातला, जरा कोरडा, पण नेमका. आपण बोलताना नागरिकत्व आणि राष्ट्रीयत्व यांत फरक करत नाही आणि भारतात त्याने काही अडतही नाही. ब्रिटिश कायद्यात मात्र राष्ट्रिकांचे अनेक प्रकार आहेत. ‘नागरिक’ हा त्यांतला एक. ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळतो, बीएनओवाल्याला नाही.

ही भानगड १९८४ची. हाँगकाँग ही ब्रिटिश वसाहत चीनला परत करण्याचे ठरले, पण तिथल्या लोकांचे राष्ट्रिकत्व कोणाचे, यावर लंडन आणि बीजिंग यांचे जमेना. म्हणून संयुक्त जाहीरनाम्याबरोबर दोघांनी आपापली वेगळी निवेदने एकमेकांना दिली. लंडनचे म्हणणे: १ जुलै १९९७पासून या लोकांचा जुना दर्जा संपेल, पण एक ‘उचित दर्जा’ राखून त्यांना ब्रिटिश पासपोर्ट वापरता येईल, ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मात्र नाही. ‘उचित दर्जा’! नाव द्यायचे टाळण्याची ही खास मुत्सद्दी तऱ्हा. बीजिंगने लिहिले की हाँगकाँगचे सारे चिनी देशबांधव चीनचेच राष्ट्रिक आहेत; ब्रिटनने दिलेला कागद त्यांनी परदेश प्रवासाला खुशाल वापरावा, पण चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीचे संरक्षण मागू नये. चीनच्या १९८०च्या कायद्याला दुहेरी राष्ट्रिकत्व मान्यच नाही. बीएनओ हे नाव या दर्जाला नंतर, १९८७पासून मिळाले.

बीजिंगच्या तिआनानमेन चौकात १९८९मध्ये निदर्शकांवर गोळीबार झाल्यानंतर हाँगकाँगात घबराट पसरली, तेव्हा ब्रिटनने १९९०च्या कायद्याने ५०,००० कुटुंबप्रमुखांना कुटुंबासह पुरते नागरिकत्व देऊ केले. चीनने तेही मानले नाही. २०२१च्या जानेवारीअखेर ब्रिटनने बीएनओवाल्यांसाठी खास व्हिसा सुरू केला आणि चीनने त्या पासपोर्टला प्रवासाचा कागद म्हणूनही मानणे थांबवले.

पोर्तुगालची गोष्ट वेगळी. आपल्या ताब्यात असलेल्या, हाँगकाँगशेजारच्या मकावमधल्या अनेक चिनी रहिवाशांना त्याने सरळ नागरिकत्वच दिले. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांनाही त्याच्या कायद्याने ते घेता येते, त्यामुळे तसे ज्यांनी घेतले त्यांच्याबद्दल ‘पोर्तुगीज नागरिक’ लिहिले तर चूक नाही.

बातमीत ‘राष्ट्रिक’ जड वाटत असेल, तर ‘बीएनओ पासपोर्टधारक’ लिहावे. व्हिसावर जाऊन, ठरलेली वर्षे राहून ज्यांनी पुढे रीतसर नागरिकत्व घेतले, तेवढेच ब्रिटिश नागरिक.