नदी आडवी आली की टोर्नेडो थांबतो का?

प्रश्न : आम्ही कुर्ल्याला मिठीच्या काठाला राहतो, वर पत्रे. बंगालमधल्या जलपायगुडीच्या टोर्नेडोचा (ढगातून जमिनीपर्यंत उतरलेल्या गरगरत्या वाऱ्याचा) जुना व्हिडिओ ग्रुपवर परत फिरतोय. सासूबाई म्हणतात असलं वादळ नदी ओलांडत नाही, दीर म्हणतो खिडक्या उघड्या टाकल्या की घर वाचतं. खरं काय? आणि मुंबईत असं होईल का? – एक वाचक, कुर्ला

उत्तर : ताई, सासूबाईंचा मान ठेवून सांगते, नदीबिदी काही अडवत नाही. ३१ मार्च २०२४ ला त्याच जलपायगुडी जिल्ह्यातल्या मैनागुडीत तिस्ता नदीच्या काठचीच वस्ती झोडपली गेली, काही मिनिटांचा खेळ, पण पत्र्याची आणि बांबूची घरं आडवी. आणि अमेरिकेत नॅचेझला ७ मे १८४० ला तर टोर्नेडो मिसिसिपीच्या पात्रावरूनच सरकत आला, ३१७ माणसं गेली, त्यातली २६९ नदीवरची, बोटींवर होती ती.

दीरांचं पण चुकतंय, आणि हे जास्त डेंजर आहे. खिडकी उघडी टाकली की वारा आत शिरतो, आतून छताला वर ढकलतो, बाहेरून खेचतोच आहे, मग पत्रा कसा राहणार? शिवाय खिडक्यांपाशी धावण्यात वेळ जातो तो वेगळाच.

मुंबईत टोर्नेडो क्वचितच. खाली दमट गरम हवा, वर कोरडी, आणि उंचीबरोबर वाऱ्याचा वेग-दिशा बदलणारी, हे सगळं मार्च ते मे बंगाल-ओडिशाकडे जास्त जमतं, बांगलादेशात तर २६ एप्रिल १९८९ ला एकाच टोर्नेडोत १३०० च्या आसपास माणसं गेली. पण म्हणून निवांत बसू नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ जण गेले, तो टोर्नेडो नव्हता, वळवाचा नुसता सोसाट्याचा वारा. तुमच्या पत्र्याला दोन्ही सारखेच.

त्यामुळे विटा, टायर ठेवून पत्रे दाबले असतील तर तेच आधी काढा, वाऱ्यात त्याच विटा कोणाच्या तरी डोक्यात बसतात. मे लागायच्या आत हुकबोल्टने आवळून घ्या. रेड अलर्ट आला, आभाळ काळंनिळं झालं की पोटमाळ्यावर कोणी नको, शेजारी पक्की बिल्डिंग असेल तर तळमजल्याला जा, नाहीतर मोरीत, जिना असेल तर त्याच्याखाली, डोक्यावर हेल्मेट किंवा जाड गोधडी. आणि दीर बाईकवर असले तर फ्लायओव्हरखाली थांबू नका म्हणावं, तिथे वारा उलट चेपून जोरात येतो आणि उडणारे पत्रे पण, सरळ एखाद्या पक्क्या दुकानात शिरायचं.