जवळीक मोजताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. कुटुंबातील जवळीक आणि लवचीकता मोजणारी ‘फेसेस-४’ ही प्रश्नावली निवडलीस ते योग्यच झाले. मात्र ‘जवळीक जितकी अधिक, तितके कुटुंब निरोगी’ हे तुझे गृहीतक बदलावे लागेल. डेव्हिड ओल्सन, डग्लस स्प्रेंकल आणि कँडिस रसेल यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या ज्या प्रारूपावर ही प्रश्नावली बेतली आहे, त्याचे म्हणणेच असे आहे, की जवळीक असो वा लवचीकता, मधल्या पातळ्या कुटुंबाला मानवतात आणि टोके जाचतात. आधीच्या आवृत्त्यांत अतिजवळिकीचे टोक हाती लागत नव्हते, गुण वाढले की कुटुंब सुदृढच दिसे; म्हणून चौथ्या आवृत्तीत तुटकपणा, अतिगुंतणूक, ताठरपणा आणि विस्कळीतपणा यांच्या स्वतंत्र श्रेणी, म्हणजे विधानांचे गट, आल्या. संतुलित जवळीक आणि संतुलित लवचीकता या दोन श्रेणी धरून सहा, प्रत्येकी ७ विधाने, एकूण ४२. संतुलित गुणांना टोकांच्या सरासरीने भागल्यावर उत्तर १ च्या वर आले, तर संतुलित बाजू जड आहे असे समज.

खरी कसोटी भाषांतरात आहे. ‘आम्ही एकमेकांवर फार अवलंबून आहोत’ असे तू लिहिले आहेस. पण आपले ‘फार’ कौतुकालाही चालते आणि तक्रारीलाही, त्यामुळे एखादी आजी अभिमानाने १ ते ५ पैकी ५ वर, म्हणजे ‘पूर्ण सहमत’वर, खूण करील आणि तिच्या नावावर अतिगुंतणूक जमा होईल. तेथे ‘गरजेपेक्षा जास्त’ असे लिही.

घरातील प्रत्येकाचे उत्तर वेगळे घे आणि वेगळेच वाच. एका घरी, मोकळा वेळ एकत्र घालवण्याच्या विधानापुढे आईने बेधडक ५ ला गोल केला. मुलीने ४ ला केलेला गोल आई पाणी आणायला उठताच खोडला आणि २ ला केला. तो कागद खोडरबराने जवळजवळ फाटला होता. मी त्या वेळी दोघींची सरासरी साडेतीन लिहिली, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ते साडेतीन त्या दोघींपैकी कोणाचेच नव्हते.

एकत्र कुटुंबात गुण टोकाला गेले म्हणून लगेच दोष नोंदवू नकोस. एखाद्या समाजाला टोकाची जवळीक मान्य असेल आणि घरातील सर्वांना ती हवीशी वाटत असेल, तर ते कुटुंब चांगले चालू शकते, हे ओल्सन यांनीही मान्य केले आहे. ‘सर्वांना’ या शब्दाखाली मात्र रेघ ओढून ठेव. संवाद आणि समाधान यांच्या प्रत्येकी १० विधानांच्या श्रेणी त्यासाठीच सोबत घे, आणि सुनांची व मुलांची उत्तरे दुसऱ्या खोलीत भरून घे.

सुधारलेले भाषांतर छापण्याआधी मला पाठव.